फाशांच्या खेळातील पहिलवान

मावळ तालुक्यात, लोणावळ्यास, एका माध्यमिक शाळेत व्यायामशिक्षक म्हणून नोकरी करीत असता आणि त्याच शाळेच्या वसतिगृहाची देखरेखही माझ्याकडे असता, जी कुस्तीविद्या मी वस्तादांच्या पायाशी बसून शिकलो आणि पुढे नाणे मावळ, पवन मावळ व आंदर मावळ या तिन्ही खोऱ्यांतून येणाऱ्या मुलांना यथाशक्ती शिकविली, तिचा विनियोग टेबलाभोवती बसून खेळावयाच्या एका फाशांच्या खेळात करण्याचा प्रसंग माझ्यावर आला. आणि हा प्रसंग नोकरीच्या अखेरच्या काळात आला असूनही, कुस्ती म्हणजे नेमके काय याचा जितका स्वच्छ विचार त्याने मला करावयास लावला तितका आखाड्यात घालविलेल्या वर्षांनीही लावला नव्हता, हे मी प्रारंभीच नमूद करून ठेवतो.

लोणावळ्याचा पाऊस ज्यांनी सहलीपुरता पाहिला आहे त्यांना तो धुके, धबधबे आणि भुशी धरणाच्या पायऱ्या यांच्या रूपाने ठाऊक असतो. परंतु मुलांना वाढविण्याचे काम ज्याच्याकडे आहे त्याच्या दृष्टीने वर्षाकाठी ४००० मिलिमीटरांहून अधिक कोसळणारा हा पाऊस म्हणजे आषाढ-श्रावणात मैदानावर आलेली जप्तीच असते. मैदानात घोट्याएवढे पाणी, तालमीच्या तांबड्या मातीला धरलेली ओल, वाळत घातलेले लंगोट तिसऱ्या दिवशीही दमट. अशा काळात जोर-बैठका आणि मल्लखांब एवढेच काय ते छपराखाली चालू राहते, आणि शनिवारच्या दुपारी अर्धी शाळा सुटल्यावर अंगात रग असलेल्या मुलांचे करावे काय, हा प्रश्न उभा राहतो. अशाच एका पावसाळ्यात, हिंजवडीला नोकरी करणाऱ्या आपल्या भावाकडून एका विद्यार्थ्याने 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाचे जाडजूड नियमपुस्तक आणि चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंतचे रंगीत फासे आणले. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेला हा खेळ. त्यात एक जण सूत्रधार होतो, प्रसंग वर्णन करून सांगतो. बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेऊन आपण त्या प्रसंगी काय करू ते बोलून दाखवितात, आणि जेथे निष्पत्ती अनिश्चित असेल तेथे फासा टाकून तिचा निवाडा होतो. मुलांनी ड्रॅगन आणि परकी राज्ये बाजूस सारून, शिवकालातील मावळच खेळावयास घेतले होते. गावातून येणाऱ्या दोन-तीन मुलीही त्यात होत्या. वसतिगृहाची जेवणाची खोली, तिच्यावरचा पत्रा, पत्र्यावर पावसाचा आवाज, आणि त्या आवाजाच्या वर चढून बोलणारी ती मुले मी प्रथम पाहिली तेव्हाच मला या खेळाविषयी आदर वाटला, कारण ज्या मुलांना वर्गात चार वाक्ये सलग बोलता येत नसत ती तेथे घटका घटका बोलत होती.

त्यांच्यापैकी एक मुलगा कुस्ती खेळणारा. कामशेतच्या पलीकडच्या एका गावचा, चुलत्यांच्या हाताखाली तयार झालेला. त्याने हट्टाने पहिलवानाचे पात्र घेतले होते, आणि ते पात्र प्रत्येक चकमकीत मागे पडत होते. तलवारवाला गडी घाव घाली, धनुर्धारी दुरून टिपी, आणि हा मात्र ठोसे मारून मारून थके. अखेर तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, या पुस्तकात पैलवानाची काही किंमतच नाही. तुम्ही बघा ना जरा." मी त्याची पात्राची वही मागवून घेतली. शक्तीच्या रकान्यात सगळे गुण ओतलेले, बाकी सर्वत्र खडखडाट; आणि पात्राच्या हातात काही नाही म्हणून त्याने मुठी वळून ठेवल्या होत्या.

येथून माझे काम सुरू झाले. पात्र परिणामकारक करणे याचा अर्थ केवळ मोठे आकडे जमविणे असा मी घेतला नाही. ज्या कामासाठी ते पात्र उभे आहे ते काम त्याच्या हातून चोख व्हावे, आणि ते करताना तो आपल्या मातीतला पहिलवान म्हणून ओळखू यावा, या दोन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या व्हावयास हव्या होत्या.

या नियमपुस्तकात निःशस्त्र योद्ध्यासाठी म्हणून जो स्वतंत्र वर्ग आहे त्याला मंक म्हणतात. १९७५ साली 'ब्लॅकमूर' नावाच्या पुरवणीत तो प्रथम आला, आणि पूर्व आशियातील मठांत राहून हातापायांची युद्धविद्या आत्मसात करणाऱ्या योद्ध्यांविषयी पाश्चात्त्यांच्या मनात जी प्रतिमा होती तिच्यावर तो उभा आहे. आमच्या मुलांकडे जी २०१४ ची आवृत्ती होती तीत हा मंक चिलखताशिवाय लढतो, आणि त्याचे संरक्षण चपळाई व विवेक या दोन गुणांच्या बेरजेने ठरते. पहिल्या पातळीवर त्याचा ठोसा चार बाजूंच्या फाशाचा, पाचव्या पातळीवर सहा बाजूंचा, आणि पुढे वाढत वाढत दहा बाजूंचा होतो. दुसऱ्या पातळीपासून त्याला अंतःशक्तीचा मोजका साठा मिळतो व तो खर्चून एका फेरीत जादा प्रहार करता येतात. पाचव्या पातळीवर तर तो एका तडाख्यात समोरच्याला क्षणभर सुन्न करू शकतो. रचना सुंदर आहे, आणि ज्याला वाऱ्यासारखा फिरणारा, प्रहार करून निसटणारा योद्धा हवा असेल त्याने ती जरूर घ्यावी. गुणांची वाटणी करताना चपळाई आणि विवेक यांना अग्रमान द्यावा, काटकपणाला तिसरे स्थान द्यावे, आणि शक्ती उणी राहिली तरी खंत करू नये. परंतु हा प्रहार करणारा योद्धा आहे. आमचा पहिलवान प्रहार करीत नाही. मातीतल्या कुस्तीत ठोसा निषिद्ध आहे, लाथ निषिद्ध आहे. तेथे जे आहे ते पकड, ओढ, तोल, उचल आणि दाब. तेव्हा ज्या मुलाने कधी ठोसा मारला नाही त्याच्या पात्राला ठोशाच्या मापाने मोजणे हाच त्या पात्रावरील अन्याय होता, आणि त्याची दाद पुस्तकाच्या वेगळ्याच प्रकरणात लागण्यासारखी होती.

ते दाखविण्यासाठी मी टेबल भिंतीला लावविले आणि त्या मुलाला समोर उभे केले. सलामी झाली, हात मिळाले, खडाखडी सुरू झाली. माझा डावा हात त्याच्या मानेवर, उजव्या हातात त्याचे मनगट, कपाळाला कपाळ भिडलेले. बाकीची मुले पाहत होती ती आमचे खांदे आणि दंड, म्हणून मी त्यांना सांगितले की वर पाहू नका, पायांकडे पाहा. मग मी त्याची मान सावकाश खाली ओढू लागलो. कुठल्याही जिवंत माणसाचे जे होते तेच त्याचे झाले. ओढीला विरोध करण्यासाठी त्याने मान वर ताठ केली, पाठ सरळ झाली, आणि अंगाचा भार चवड्यांवरून टाचांवर गेला. त्या एका क्षणी पुढचा पाय हलका होतो. तो हलका झाला की गुडघे वाकवून आत शिरावयाचे, डोके त्याच्या बरगडीला लावावयाचे आणि पाय उचलावयाचा. एकेरी पट निघाला. मी त्याला पाडले नाही, अर्ध्यावर धरून ठेवले, आणि मुलांना विचारले की आता याला काय काय करता येईल. तलवार चालवता येईल का, पळता येईल का, वळता येईल का? एका पायावर उभ्या असलेल्या त्या मुलाने स्वतःच उत्तर दिले, "काहीच नाही सर. तुम्ही सोडाल तेव्हा."

निःशस्त्र पहिलवानाविषयी मला जे सांगावयाचे आहे ते हेच. त्याचे सामर्थ्य समोरच्याला इजा करण्यात नाही, समोरच्याचे मार्ग एकामागून एक बंद करण्यात आहे. आखाड्यात ज्याला कब्जा घेणे म्हणतात ते हे. आणि कुस्तीत जखमांची गणती नसून फक्त पाठ मातीला लागली की नाही एवढेच विचारले जाते, याचेही कारण हेच आहे. नियमपुस्तकात नेमकी ही गोष्ट पकडीच्या आणि ढकलण्याच्या नियमांत, कोणाचे लक्ष जाऊ नये अशा जागी, स्वच्छ लिहून ठेवलेली आहे. एक प्रहार सोडून त्याच्या बदली पकड घालता येते. पकडीसाठी आपल्या मल्लबळाचा, म्हणजे शक्तीवर बांधलेल्या कौशल्याचा, फासा एका बाजूस आणि समोरच्याच्या मल्लबळाचा अथवा चपळाईवर बांधलेल्या अंगचपळतेचा फासा, जो त्याला सोयीचा असेल तो, दुसऱ्या बाजूस. आपला अंक वरचढ ठरला की त्याची गती शून्य होते. त्याच रीतीने त्याला ढकलून खाली पाडता येते. पडलेल्याला उठण्यासाठी आपली अर्धी गती खर्चावी लागते. परंतु जो पकडीत आहे त्याची गतीच शून्य असल्याने त्याला उठताच येत नाही. पट काढून मोळी बांधलेला माणूस याहून वेगळा काय असतो? आणि पकडीला एक हात रिकामा लागतो, ही अटही तेथे आहे. ढाल-तलवारवाल्याला ती पुरी करण्यासाठी काहीतरी टाकावे लागते, आमच्या गड्याचे दोन्ही हात मुळातच मोकळे.

आता हिशेब. आमच्या गणिताच्या शिक्षकांनी फळ्यावर वीस आडव्या आणि वीस उभ्या रकान्यांचे चारशे घरांचे कोष्टक आखून दिले, आणि मुलांनी प्रत्येक घरात कोण जिंकतो ते पाहून रंगीत खडूने घरे भरली. समोर पुस्तकातील सामान्य पहारेकरी धरला. त्याच्या शक्तीची आणि चपळाईचीही अधिकाई, म्हणजे फाशाच्या अंकात मिळवावयाची भर, अवघी १. शक्ती दुर्लक्षून मल्लबळाचे केवळ शिक्षण घेतलेल्या मंकाची अधिकाईही १ च येते. बरोबरी झाल्यास स्थिती पूर्ववत राहावयाची असल्याने त्याच्या पदरी ४०० पैकी १९० घरे पडली, म्हणजे शेकडा साडेसत्तेचाळीस. शक्ती १६ असलेल्या आणि मल्लबळ शिकलेल्या फायटर वर्गाच्या गड्याची अधिकाई ५. त्याला २६४ घरे, शेकडा ६६. आणि त्याच गड्याने आरंभीच्या सवलतीत मल्लबळातील विशेष नैपुण्य पदरात पाडून घेतले, म्हणजे अधिकाई ७ झाली, तर २९५ घरे, जवळजवळ शेकडा ७४. पकड आणि पाडणे ही दोन्ही साधावयाची असल्याने या शक्यतांचा गुणाकार घ्यावा लागतो, आणि तेथे तफावत अधिकच उघडी पडते. मंकाला चारांत एकदाही धड साधत नाही, नैपुण्य असलेल्या पहिलवानाला निम्म्याहून अधिक वेळा साधते. ज्या मुलांना संभाव्यतेच्या धड्यात नाणे फेकण्यापलीकडे काही रस वाटला नव्हता ती मुले त्या दुपारी घंटा होऊनही फळ्यापासून हलली नाहीत.

त्यावरून मी त्याला जी रचना सुचविली ती अशी. वर्ग फायटरचा, २०२० साली निघालेल्या पुरवणी ग्रंथात त्या वर्गाला निःशस्त्र लढतीची जी शैली बहाल केली आहे ती घ्यावी, कारण तीमुळे रिकाम्या हातांचा तडाखा आठ बाजूंच्या फाशाचा, अर्थात तलवारीच्या तोडीचा, होतो आणि पकडीत असलेल्याला प्रत्येक फेरीच्या आरंभी थोडी इजाही करता येते. शक्तीला पहिले स्थान, काटकपणाला दुसरे, विवेकाला तिसरे. बुद्धी आणि छाप यांवर गुण खर्चू नयेत. ज्याला अधिक रांगडा गडी हवा त्याने बार्बेरियनचा वर्ग घ्यावा. त्वेष अंगात आला की शक्तीच्या कसोट्यांना दोन फासे टाकून वरचा अंक घेण्याची मुभा त्या वर्गाला आहे. मला स्वतःला मात्र फायटर अधिक भावतो, कारण पहिलवान त्वेषाने लढत नाही. ज्याला राग आला तो वस्तादांच्या दृष्टीने अर्धा चीत झालेला असतो. पाचव्या पातळीवर एका फेरीत दोन प्रहारांचा हक्क मिळाला की एकाच दमात धरणे आणि पाडणे दोन्ही होते, आणि तेथून पुढे या पात्राकडे पाहण्याची साथीदारांची दृष्टीच पालटते.

हे सर्व सांगून झाल्यावर शांतपणे ऐकत बसलेली एक मुलगी म्हणाली, "पण सर, पाडल्यावर काय? तो तर खाली पडून नुसता राहील. त्याला मारणार कोण?"

प्रश्न मर्मावर होता. पहारेकऱ्यावर सामान्य गड्याचा वार लागण्याची शक्यता पुस्तकाप्रमाणे शेकडा ५०. तोच पहारेकरी जमिनीवर असेल तर जवळून वार करणारा प्रत्येक साथीदार दोन फासे टाकून वरचा घेतो, म्हणून ती शक्यता शेकडा ७५ वर जाते. आणि पडलेल्याचे स्वतःचे वार मात्र दोनांपैकी खालच्या फाशाने मोजले जातात. म्हणजे पहिलवानाने एका फेरीत स्वतः काही इजा केली नाही असे वहीत दिसले, तरी त्याच्या दोन साथीदारांचे हात दीडपट नेमके पडतात. त्याचे श्रेय त्याच्या रकान्यात लिहिले जात नाही. तलवारवाल्याच्या रकान्यात ते जमा होते. आणि त्याच नियमात एक गोम आहे, ती त्या मुलीनेच शोधून काढली, कारण धनुर्धारी तीच होती: पडलेल्या शत्रूवर दुरून बाण सोडणाऱ्याला उलट खालचा फासा घ्यावा लागतो. तेव्हा पहिलवानाने आधी कोणाला लोळवावयाचे आणि कोणाला उभे ठेवावयाचे, याची तजवीज चकमकीपूर्वी धनुर्धाऱ्याशी बोलूनच करावी लागते. त्या दिवसापासून ती दोघे लढतीपूर्वी आपसात मसलत करू लागली. कुस्ती ही एकट्याची विद्या मानणाऱ्या त्या मुलाला हे शिक्षण कुठल्याही तालमीत मिळाले नसते.

नियमपुस्तकाने पकडीला एक मर्यादा घातली आहे: आपल्याहून एका आकारमानापेक्षा अधिक मोठ्या प्राण्याला धरता येत नाही. मुलांना ती जाचक वाटली; मला ती जत्रेच्या फडातील जोड लावण्याच्या रीतीशी जुळणारी वाटली, जेथे पंच दोघांना मध्यभागी उभे करून अंगकाठी पाहतात आणि जोड न जमली तर नारळ देऊन परत पाठवितात. मात्र लहान चणीचा पहिलवान परिणामकारक होत नाही, असा कोणी यावरून निष्कर्ष काढील तर त्यास मी खाशाबा जाधव यांचा दाखला देईन. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलो वजनगटात कांस्यपदक मिळवून आला. स्वतंत्र भारताला मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांचा हातखंडा डाव ढाक. डोके बगलेत आवळून, स्वतःच्या अंगाला वळण देऊन समोरच्याला त्याच्याच वजनासह फेकणारा तो डाव केवळ दंडाच्या बळावर होत नाही. लहान चणीचे पात्र खेळणाऱ्याने नव्या, २०२४ च्या नियमांकडे वळावे. त्यांत मंकाला पकडीसाठी शक्तीऐवजी चपळाई वापरण्याची मुभा दिली आहे, आणि ती देताना नियम करणाऱ्यांनी, कळत वा नकळत, खाशाबांच्या जातीच्या मल्लालाच न्याय दिला आहे.

दोन गोष्टी मात्र पुस्तकात मिळाल्या नाहीत, त्या आम्ही आमच्या टेबलापुरत्या घातल्या. पहिली खडाखडी. जी फेरी पहिलवान केवळ हात लावून, ओढून, ढकलून समोरच्याचा तोल अजमावण्यात घालवील, त्या फेरीत त्याने विवेकाचा फासा टाकावा, आणि तो यशस्वी झाला तर पुढच्या पकडीस दोन फाशांतील वरचा घ्यावा. फळ्यावरच्या कोष्टकाने सांगितले की नैपुण्य नसलेल्या गड्याचीही शक्यता यामुळे शेकडा ६६ वरून ८१ वर जाते. एका फेरीच्या धीराची ही किंमत. मुलांना धीर शिकविण्याचे यापेक्षा परिणामकारक साधन मला नोकरीत दुसरे सापडले नाही, कारण येथे उपदेश नव्हता, आकडा होता.

दुसरी गोष्ट दम. ताकद सरते, डाव विसरतो, पण कुस्ती जाते ती दमाने. घिस्सा ओढावयाचा असतो आणि श्वासच अंगात राहिलेला नसतो. या विषयी बोलताना मुलांना मी मुद्दाम गावातल्याच एका संस्थेची गोष्ट सांगितली. बडोद्यास राजरत्न माणिकराव यांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात ज्यांची तालीम झाली होती त्या स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले, आणि उड्डियान, नौली यांसारख्या क्रियांत शरीराच्या आतील दाबात कोणते बदल होतात ते उपकरणे लावून मोजले. त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढून ती मोजमापे प्रसिद्धही केली. व्यायामाच्या आखाड्यातून आलेला मनुष्य श्वासाकडे वळतो आणि श्रद्धेच्या जोडीला मोजमापाचा आग्रह धरतो, ही घटना ज्या गावी घडली त्या गावच्या मुलांनी आपल्या पहिलवानाच्या वहीत दमाचा रकाना घातला नाही तर कोणी घालावयाचा? आम्ही तो काटकपणाच्या अधिकाईशी बांधला. धरून ठेवण्याच्या प्रत्येक फेरीस एक दम खर्ची पडे. साठा संपला की पकड आपोआप सुटे. आणि तो भरून येई फक्त विश्रांतीने. परिणाम असा झाला की काटकपणाकडे कोणी पाहत नसे ते पाहू लागले, आणि कोणाला धरून ठेवावयाचे व कोणाला सोडून द्यावयाचे याचे तारतम्य खेळात आले.

या पात्राची खरी परीक्षा लोहगडाच्या मोहिमेत झाली. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांच्या हवाली केलेल्या तेवीस किल्ल्यांत लोहगड होता आणि १६७० साली तो पुन्हा स्वराज्यात आला, एवढा इतिहास मी मुलांना दिला. त्यापुढील कथा सर्वस्वी आमची, आणि ती कथा आहे हे मी दर वेळी बजावून सांगत असे. गडावर सरपणाच्या मोळ्या घेऊन चढणाऱ्या माणसांत ही मंडळी मिसळली. सर्पाकार वाटेने गणेश दरवाजा आला. तेथे झडती होऊन तलवारी, कट्यारी, धनुष्य, सगळे काढून घेतले गेले. पुढे नारायण दरवाजा, हनुमान दरवाजा, महादरवाजा. आत पोचेपर्यंत सगळे साथीदार निःशस्त्र झाले होते, आणि ज्याच्या वहीत हत्याराचा रकाना पूर्वीपासूनच कोरा होता तो एकटाच जसा चढला तसाच पुरा उतरला होता. पहारेकऱ्याला त्याने मागून धरले, खाली घेतले आणि तोंडावर हात दाबला. येथे पुस्तकाची आणखी एक तरतूद उपयोगी पडली: जवळून केलेल्या वाराने शत्रूचा जोर संपला तर त्यास ठार न करता बेशुद्ध करण्याचा अधिकार वार करणाऱ्यास असतो. त्या मुलाने क्षणाचाही विचार न करता तो वापरला. "पैलवान जीव घेत नाही," एवढेच तो म्हणाला. पुढे तो पहारेकरी शुद्धीवर आला, बोलता झाला, आणि त्याने सांगितलेल्या हकिकतीवर मोहिमेचा सगळा उत्तरार्ध उभा राहिला.

म्हणून सूत्रधाराचे काम करणाऱ्यांना माझी सूचना आहे की निःशस्त्र पात्राला न्याय द्यावयाचा असेल तर आकड्यांच्या बरोबरीने प्रसंगही त्याच्या जोगे योजावेत. दरबारात हत्यारे बाहेर ठेवावी लागतात, देवळात ठेवावी लागतात, नदी पोहून जाताना टाकावी लागतात, कैदेत काढून घेतली जातात. असे प्रसंग आयुष्यात आणि इतिहासात वारंवार येतात, आणि मोहिमेत ते क्वचितच येतात, कारण ती रचणारा तलवारवाल्यांच्या सोयीने विचार करतो. त्याचबरोबर पहिलवानाला फुकट जगू देऊ नये. हत्यार-चिलखताचा खर्च त्याला नाही, पण दूध, तूप, बदाम यांचा खुराक आहे, आणि तो साऱ्या गावाने वा एखाद्या आश्रयदात्याने चालविल्याशिवाय चालत नाही; कोल्हापुरात शाहू महाराजांनी पहिलवानांना दिलेला आश्रय आठवावा. आमच्या मोहिमेत खुराक तुटला की दमाचा साठा निम्मा होई. मग तो मुलगा आणि त्याचे साथीदार वाटेवरच्या गावात जत्रेच्या फडात उतरून इनाम मिळवीत, आणि त्या निमित्ताने गावोगावची माणसे कथेत येत. पात्राला वस्ताद असावा, त्या वस्तादांचा शब्द मोडावा की पाळावा असा पेच कधीतरी पडावा, लंगोटाचा नेम असावा, मारुतीचे देऊळ असावे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लासा'त मल्लविनोदाचे जे प्रकरण घातले त्यात मल्लांच्या आहारापासून खांबावरच्या मेहनतीपर्यंत सगळ्याची नोंद आहे. बडोद्याहून दहा खंडांत निघालेल्या 'व्यायामज्ञानकोशा'त डाव-प्रतिडावांचे सविस्तर विवेचन आहे. पात्र उभे करण्यासाठी लागणारी सामग्री आपल्याकडे इतकी विपुल असताना मुलांनी ती परक्या मठांतून उसनी आणावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ती मुले आता पांगली. धनुर्धारी मुलगी पुण्यास शिकते आणि तिकडे स्वतः सूत्रधार होऊन खेळ चालविते. दमाचा आणि खडाखडीचा नियम तिने आपल्या वहीत उतरवून नेला आहे. पहिलवानाचे पात्र खेळणारा मुलगा आजही मातीत उतरतो.

मराठीत असा खेळ मांडू पाहणाऱ्यांना माझी विनंती एवढीच की पहिलवानाच्या पात्राचा एकही आकडा लिहिण्यापूर्वी चैत्र-वैशाखात मावळातल्या कोणत्याही गावच्या जत्रेला जावे. फड बहुधा दुपारनंतर भरतो. हलगीच्या फार जवळ बसू नये, मातीच्या कडेला बसावे. पहिल्या नारळाच्या लहान मुलांच्या कुस्त्याही सोडू नयेत, कारण डाव त्यांतच उघडे दिसतात. वही-पेन्सिल बरोबर न्यावी, पायांकडे पाहावे, आणि शेवटची निकाली कुस्ती झाल्यावर एखाद्या वस्तादांना नमस्कार करून विचारावे. ते आनंदाने सांगतात.